भाऊजींची जुळणी

३ मार्च

आज माझ्या हातून एक विमान गवतात गेलं. खरं नाही, पडद्यावरचं. पण घाम खराच फुटला.

परीक्षेचा सराव चालला होता. विमान धावपट्टीच्या तोंडाशी आलेलं, मी उतरायची परवानगी दिलेली, आणि नेमकं तेव्हाच लेकीने दिलेल्या लॅपटॉपवरचं चित्र गोठलं. विमान हवेत लटकलेलं आणि लॅपटॉपचा पंखा जिना चढून आलेल्या लठ्ठ माणसासारखा धापा टाकतोय. चित्र हललं तेव्हा विमान धावपट्टी सोडून भलतीकडेच. सराव घेणारा गृहस्थ हजारो मैलांवरून हेडसेटमध्ये विचारतो, "मॅडम, डुलकी लागली का?"

मला! सगळी नोकरी विमानतळाच्या टॉवरमध्ये काढली, खरी विमानं उतरवली, वादळात उतरवली, एक तर पुढचं चाक अडकलेलं असताना उतरवलं. आणि हा मला डुलकीबद्दल विचारतो.

जगभरच्या हौशी लोकांची एक संस्था आहे. काही जण घरी बसून कॉम्प्युटरवर विमानं उडवतात, काही जण टॉवरमधून त्यांना रस्ता दाखवतात. बोलणं, नियम, वारा, सगळं खऱ्यासारखं. टॉवर मिळवायचा तर परीक्षा द्यावी लागते, मग तुम्ही आयुष्यभर तेच केलेलं असो. माझी २८ तारखेला आहे. हुकली तर पुढची कधी, ते सांगायला कोणी तयार नाही.

लेक फोनवर म्हणाली, "आई, खेळ आहे गं तो. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

म्हटलं, "तुझे बाबा लोकांच्या दातांत ड्रिल घालायचे, तो पण खेळच होता का?"

निवृत्त झाले त्या दिवशी हेडसेट टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून भाजी कुठली आणायची याखेरीज मला कोणी काही विचारलं नाही. मला ती खुर्ची परत हवी आहे. खोटी असली तरी चालेल.

तर डेस्कटॉप घ्यायचा. दमदार, न गोठणारा.

५ मार्च

दुकानात जाऊन आले. डोकं अजून तापलेलं आहे.

विक्रेता चाळिशीचा, स्वतःला टक्कल पडायला आलेलं, आणि मला म्हणतो, "या आजी. बातम्या बघायला हवाय का कॉम्प्युटर?"

म्हटलं, "विमानं उतरवायला."

त्याने माझ्यामागे कोणी सोबत आलंय का ते पाहिलं. मग एक काचेचा डबा दाखवला. आत लाल, निळे, जांभळे दिवे फिरतायत. मी विचारलं, दिवे कशाला? म्हणे, स्पीड वाढतो. मी विचारलं, आत वीजपुरवठ्याचा भाग कुठला बसवलाय? म्हणे, "आत सगळं बेस्ट आहे, आजी."

"बेस्ट हे कशाचं नाव?"

"म्हणजे चांगलं आहे."

"कोणी बसवलं?"

"कंपनीतून बसूनच येतं."

"उघडून दाखवा."

"उघडलं तर वॉरंटी जाते."

आमच्या शाळेतल्या सिस्टर अशा उत्तराला वर्गाबाहेर उभं करायच्या. मी स्वतःच बाहेर पडले.

घरी आमचे हे कोडं सोडवत बसले होते. दातांचा दवाखाना बंद केल्यापासून दिवसभर कोडी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग घेतलास का?"

"नाही."

"मग धाकट्याला विचार. टेलिफोन एक्स्चेंज सांभाळलेला माणूस आहे, जुळवून देईल."

धाकटा म्हणजे माझे दीर. दोन गल्ल्या सोडून राहतात. आमच्या दाराची बेल दुरुस्त करायला घेतली होती त्यांनी, तेव्हा पाहुणे किती तरी दिवस कडी वाजवत होते. शिवाय जाऊबाई गेल्यापासून त्यांच्याशी बोलणं म्हणजे बंद खिडकीवर रांग लावणं. "हो", "नाही", "बघू", संपलं.

नाही विचारणार.

७ मार्च

विचारलं.

दुसरा इलाज नव्हता, आणखी दोन दुकानांत आणखी दोन दिवेवाले डबे पाहिले. भाऊजींकडे गेले तर भर दुपारी पडदे ओढलेले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक चमचा. मी आधी पडदे उघडले. बाई गेली म्हणून उजेडाने काय गुन्हा केलाय?

सगळं सांगितलं. परीक्षा, गवतातलं विमान, टक्कलवाला. त्यांनी खाली बघत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जुळवायचा."

मग काय झालं कोण जाणे, माणूस सुटलाच. प्रोसेसर कुठला, त्याला थंड कसं ठेवायचं, चित्र काढणारं कार्ड वेगळं का घ्यायचं, तयार डब्यात कंपन्या नेमकं कुठे हात राखतात. "वहिनी, तयार घेतलात तर बिघाड झाल्यावर तुम्ही परक्या. स्वतः जुळवलात तर कुठली तार कुठे गेलीय ते तुमच्या बोटांना माहीत असतं."

"आणि नाही चालला तर?"

"चालेल."

"कधीपर्यंत?"

"चालेल हो."

ही तारीख झाली का? मी तारीख मागत होते. शेवटी मीच ठरवलं, वीस तारीख. वीसला चालू झाला नाही तर एकविसाला मी दुकानात. ते म्हणाले, "रोज यावं लागेल तुम्हाला. एका माणसाचं काम नाही हे."

रोज! जसं काही मला घरी काही उद्योगच नाहीत.

१० मार्च

भाग ठरले. भाऊजींच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, ते एकेक भाग सुचवायचे आणि मी उलटतपासणी घ्यायचे. कॅबिनेटवरून भांडण झालं. त्यांना मोठं हवं होतं, हात घालायला जागा मिळते म्हणून. मला लहान हवं होतं, कारण टेबल माझं आहे. शेवटी मोठं घ्यायचं ठरलं, पण काळं आणि बिनदिव्याचं. माझा टॉवर आहे, सर्कशीचा तंबू नाही.

हे पण आले होते, चहाच्या वेळी नेमके. मदत म्हणून बिस्किटं संपवली. परत येताना म्हणाले, "धाकट्याने दाढी केली होती आज."

"दाढीचा नि कॉम्प्युटरचा काय संबंध?"

"काही नाही," म्हणाले, आणि मिशीत हसले. निवृत्तीनंतर माणसं अशीच होतात, विषय सोडून बोलतात.

१३ मार्च

काल आम्ही मदरबोर्ड बसवला. मदरबोर्ड म्हणजे ती मोठी हिरवी पाटी, बाकी सगळे भाग तिच्यावर बसतात. दुपार गेली, पण छान बसला. आज जाते तर पाटी पुन्हा टेबलावर!

"एक स्क्रू जरा जास्त आवळला गेला होता."

"मग तो एक सैल करायचा ना!"

"एक सैल केला की बाकीच्यांवर ताण येतो, वहिनी. सगळे काढून पुन्हा लावलेले बरे."

पुन्हा लावले. स्क्रू त्यांनी लावायचा, उजेडाला बॅटरी मी धरायची. मधे ते जाऊबाईंबद्दल बोलले, आपणहून. तिला स्क्रू सांभाळायला दिला की ती ओठांत धरायची, शिंपिणीसारखा, आणि मग बोलता येत नाही म्हणून चिडायची. मी हसले, तेही हसले. मग उगाच स्क्रूड्रायव्हर पुसत बसले.

म्हटलं, चला, वेळ जातोय. कोणीतरी घड्याळाकडे बघायला हवं.

१६ मार्च

मेमरीच्या पट्ट्या आल्या नाहीत म्हणून दोन दिवस काम अडलेलं. अडलेलं म्हणजे आम्ही बसतो, चहा होतो, भाऊजी एक्स्चेंजच्या गोष्टी सांगतात, काम शून्य. आज मीच सुट्या भागांच्या दुकानात फोन लावला आणि तिथल्या माणसाला चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, "बाई, काका परवाच घेऊन गेले की."

भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "हो का? हां, आणल्या होत्या खऱ्या. कपाटात असतील."

कपाटात होत्या. सगळ्यात वरच्या खणात, रुमालाखाली.

घरी येऊन मी यांना बजावलं, तुमच्या भावाला डॉक्टरकडे न्या, विसरायला लागलेत. तर हे खोकला येईपर्यंत हसले. "त्याला काहीही झालेलं नाही. तू जात जा रोज."

"अहो, माझी परीक्षा अठ्ठावीसला आहे! त्यांची नाही!"

"तेही खरंच," म्हणाले, आणि कोड्यात घुसले. या घरात दोघा भावांपैकी एकालाही घाई नावाची गोष्ट शिकवलेली नाही.

२० मार्च

आज शेवटचा दिवस. सगळे भाग जागच्या जागी बसलेले, फक्त तारा लोंबत होत्या. मला वाटलं, चालू करून बघू. भाऊजी म्हणाले, "आधी तारा बांधायच्या."

त्यांनी मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ काढलं. एक्स्चेंजमध्ये शेकडो तारा अशाच दोऱ्याने बांधायचे म्हणे, ठरावीक अंतरावर गाठ, प्रत्येक गाठ सारखी. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माणूस त्यातच गुंतलेला. मान्य केलं पाहिजे, मी असं काम कुठे पाहिलं नाही. तारांची एकच जाड वेणी, कडेकडेने गेलेली, आणि जिथे ज्या तारेचं काम तिथे ती अलगद बाहेर आलेली. आमच्या सिस्टरनी त्याला सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस दिलं असतं.

मग बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

पुन्हा दाबलं. काळा. भाऊजींनी मेमरी काढून लावली, कार्ड काढून लावलं. काळा.

"उद्या बघू," ते म्हणाले.

"उद्या एकवीस आहे, भाऊजी. उद्या मी दुकानात जाणार."

"दोन दिवस द्या, वहिनी."

"तुमच्या दोन दिवसांचे किती दिवस होतात ते मी पाहिलंय. मला त्या खुर्चीत बसायचंय. गंमत म्हणून नाही."

त्यांनी दोऱ्याचं रीळ उचलून ठेवलं. मग म्हणाले, "जा."

पुन्हा एका शब्दावर आले.

२१ मार्च

दुकानात गेले. टक्कलवाला खुलला. "आजी, मला माहीत होतं तुम्ही येणार." दिव्यांचा डबा बांधायलाही घेतला. मी पुन्हा विचारलं, वीजपुरवठ्याचा भाग कुठला? तो म्हणाला, "आजी, तुम्ही फार विचार करता."

मी म्हटलं, उद्या येते.

का म्हटलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. भाऊजींची दया आली असं कोणी समजू नये. आयुष्यात मी कधी तपासणी अर्धवट टाकलेली नाही, एवढंच. बिघाड कुठे आहे हे न कळता यंत्र सोडून देणं माझ्या शिस्तीत बसत नाही.

२२ मार्च

सकाळीच गेले. पडदे पुन्हा ओढलेले. उघडले.

म्हटलं, "भाऊजी, आज माझ्या पद्धतीने. हवेतला वैमानिक सूचना नुसती ऐकत नाही, ती शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवतो. मगच आम्ही समजतो की ती पोचली. मी पुस्तिकेतली पायरी वाचणार, तुम्ही ती परत म्हणायची आणि त्या जागी बोट ठेवायचं. 'हो हो' चालणार नाही."

"मला सगळं पाठ आहे, वहिनी."

"पाठ असणारेच चुकतात. बसा."

सुरू केलं. मुख्य वीजजोड, मदरबोर्डच्या उजव्या कडेला. "मुख्य वीजजोड, उजव्या कडेला," बोट. पंख्याची तार. "पंख्याची तार," बोट. असं करत प्रोसेसरपाशी आलो. मी वाचलं, "प्रोसेसरचा स्वतंत्र वीजजोड, वरच्या डाव्या कोपऱ्यात."

ते म्हणाले, "प्रोसेसरचा स्वतंत्र वीजजोड…" आणि थांबले. बोट कोपऱ्यावर गेलं. तिथे रिकामं भोक.

तार गेली कुठे? ते वेणीकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "जादा वाटली मला. एक्स्चेंजमध्ये जादा तारा तोडत नाहीत, वेणीतच आत बांधून ठेवतात. पुढे कधी लागतील म्हणून. हात आपोआप तसाच गेला."

म्हणजे हवी ती तार त्या देखण्या वेणीच्या पोटात, गाठीगाठींखाली. मी म्हटलं, "दोरा कापावा लागेल."

मला वाटलं, आता पुन्हा दोन दिवस मागतील. पण त्यांनी उठून कात्री आणली आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या गाठी सरासर कापून टाकल्या. एका दमात. मीच म्हटलं, "अहो, एवढ्या सगळ्या नको होत्या."

"राहू दे," म्हणाले. "तुम्हाला बसायचंय ना खुर्चीत."

तार लावली. बटण दाबलं. पडदा उजळला.

मी ओरडले. ते ओरडले नाहीत, पण त्यांनी मला चहा करून दिला, पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने. साखर विसरले. मी तोही प्यायले.

२४ मार्च

डबा अजून त्यांच्याकडेच! "तापतो का बघायला हवं," म्हणे. काल गेले तर स्वतःच विमान उडवत बसलेले. हेडसेट उलटा लावलेला, विमान डोंगराच्या दिशेने. आजही तेच. म्हटलं, चार दिवसांवर परीक्षा आली आणि तुम्ही सहली काय काढताय? म्हणाले, "आज जमिनीला बऱ्यापैकी लागलं." बऱ्यापैकी! चाकं वर, पोट खाली.

उद्या आणून देणार. परत म्हणवून घेतलं त्यांच्याकडून.

२५ मार्च

आला. माझ्या टेबलावर बसला. भाऊजींनी जोडला, पुसला, सरळ केला, पुन्हा पुसला. मग खोलीत उगाच उभे राहिले.

"झालं मग," म्हणाले.

"झालं."

"काही अडलं तर…"

"अडणार नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना?"

गेले. खिडकीतून पाहिलं तर फाटकापाशी कितीतरी वेळ उभे. मी यांना म्हटलं, कमाल आहे, काम फत्ते झालं आणि चेहरा कसा, ट्रेन चुकल्यासारखा. यांच्यासमोर कोडं उघडं होतं, पण पेन्सिल हलत नव्हती.

२८ मार्च

पास!

तीन विमानं एकदम, वारा आडवा, एकाचं इंजिन बंद पडल्याचं सोंग, आणि मधेच परीक्षकाने एक घोळ घालणारा वैमानिक सोडला. चित्र एकदाही गोठलं नाही. मी घोळवाल्याला जमिनीवरच थांबवलं, इंजिनवाल्याला सरळ आत घेतलं, तिसऱ्याला वर घिरट्या घालायला लावल्या. आवाज माझा तोच होता. मलाच ऐकू आला, इतक्या वर्षांनी.

शेवटी परीक्षक म्हणाला, "मॅडम, हे आधी कुठे केलंय का तुम्ही?"

"थोडंफार," म्हटलं.

लेकीला कळवलं. ती म्हणाली, "आई, तू रडतेयस का?" मी म्हटलं, लाइन खराब आहे. भाऊजींना कळवलं. ते म्हणाले, "बरं."

बरं! एवढ्या धडपडीनंतर बरं!

२ एप्रिल

आज टॉवरमध्ये पहिला दिवस. एक छोटं विमानतळ मिळालंय, एक धावपट्टी, भोवती शेतं. सकाळी दहाला हजर झाले, वाऱ्याची नोंद घेतली, आवाज तपासला. एक वाजेपर्यंत बसले.

एकही विमान आलं नाही.

चौकशी केली तर समजलं, सगळे मोठ्या विमानतळांकडे धावतात. माझ्या शेतातल्या पट्टीवर कोण कशाला येईल?

४ एप्रिल

काल कोणी नाही. आज कोणी नाही. रिकामी धावपट्टी इतकी स्पष्ट दिसते की गवताची पाती मोजावीत. हे म्हणाले, "छान चाललाय की कॉम्प्युटर." मी जेवले नाही.

७ एप्रिल

अकराच्या सुमारास पडद्यावर एक ठिपका आला. मी खुर्चीत ताठ.

ठिपका सरळ येईना. डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, मग माझ्या विमानतळाच्या डोक्यावरून निघून गेला, मग परत आला. कोण हा अडाणी? मी हेडसेटमध्ये कडक आवाजात ओळख विचारली.

थोडी खरखर झाली. मग आवाज आला, "वहिनी, मी. वळायचं कुठे?"

मी जागच्या जागी उडाले. "भाऊजी? अहो, कशावर आहात तुम्ही?"

"विमानात."

"ते दिसतंय! कॉम्प्युटर कुठला?"

"दुकानातला. तयार."

"तयार?"

"दिव्यांचा. बंद होत नाहीत ते."

माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. एवढे दिवस माझं डोकं खाल्लं, तयार डबा घेणं कसं चुकीचं, स्वतःच्या बोटांना तार माहीत हवी, आणि स्वतः एका सकाळी जाऊन आख्खा डबा उचलून आणला! मी सुनावलंच. ते म्हणाले, "जुळवत बसलो असतो तर महिना गेला असता. दादा म्हणाला, तुमच्याकडे कोणी येत नाही."

हे हॉलमध्ये कोडं सोडवत होते. फारच मन लावून.

म्हटलं, बाकीचं नंतर. हवेत विमान असताना भांडण नाही. "हवेत वहिनी नसते, भाऊजी. टॉवर म्हणायचं. उजवीकडे वळा, हजार फुटांवर या."

"टॉवर, उजवीकडे वळतो, हजार फुटांवर येतो."

सगळं परत म्हटलं, एक शब्द न गाळता. मी वारा सांगितला, वेग सांगितला, चाकं खाली घ्यायला सांगितली, दोनदा. विमान एकदा आपटलं, उसळलं, आणि धावपट्टीवर थांबलं. गवतात नाही.

"उत्तम. आता डावीकडे, उभं करायच्या जागी."

"टॉवर, पुन्हा उडायची परवानगी हवी."

"आत्ताच तर उतरलात!"

"हो."

दिली परवानगी. एक गोल फेरी मारून परत आले. उतरले. पुन्हा मागितली. जेवणाच्या वेळेपर्यंत हेच, उडतायत, फेरी मारतायत, उतरतायत. शेवटी न राहवून विचारलं, "अहो, तुम्हाला जायचंय तरी कुठे?"

"कुठेच नाही, टॉवर," ते म्हणाले. "इथेच."

इंधन खरं असतं तर मी तक्रार केली असती. आकाश मोकळं होतं, दुसरी काही रहदारी नव्हती. धावपट्टी दिली त्यांना.